आपला माणूस खुर्चीवर बसला, पुढे काय?

एमपीएससीचा निकाल लागला की वस्तीत चौकाचौकात बॅनर लागतात. निळा फेटा, हार, हलगी, बुद्धवंदना आणि मग भाषणांत एक वाक्य हमखास येतं: "आता ठाण्यात आपला माणूस बसणार." या आनंदावर पाणी टाकायची आमची अजिबात इच्छा नाही. ज्या ठाण्याच्या पायरीवर आजोबा हात जोडून उभे राहिले, त्याच ठाण्यात नातू पीएसआय म्हणून जातो, ही साधी गोष्ट नाही.

पण दुसरं एक वाक्यही आपण तितक्याच वेळा ऐकलं आहे. अत्याचाराची तक्रार द्यायला गेलेलं कुटुंब हात हलवत परत येतं आणि म्हणतं, "साहेब आपलाच होता, तरी काही झालं नाही." आणि ही दोन वाक्यं कानावर पडली की सवर्ण मित्र तिसरं वाक्य घेऊन तयारच असतो: "मग तुमच्या आरक्षणाने साधलं काय?"

या तिघांना एकदाच काय ते उत्तर द्यायला हवं. त्यासाठी आम्ही आधी अमेरिकेकडे जाणार आहोत. तिथे हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात गेली पन्नासेक वर्षं रस्त्यावर, न्यायालयात आणि विद्यापीठात विचारला जातो आहे, आणि त्याची आकडेवारी उपलब्ध आहे. आपल्याकडे ठाण्याच्या डायरीत काय लिहिलं जात नाही, याचे आकडे कोण ठेवणार?

सुरुवात मेम्फिसपासून करू. ७ जानेवारी २०२३ च्या रात्री टायर निकोल्स या २९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसांनी अडवली. त्याला इतकी मारहाण झाली की तीन दिवसांनी तो दवाखान्यात मेला. ज्या पाच पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला ते पाचही कृष्णवर्णीय होते. शहराच्या पोलीस प्रमुख कृष्णवर्णीय महिला होत्या. त्या दलात निम्म्याहून अधिक पोलीस कृष्णवर्णीय होते. म्हणजे प्रतिनिधित्वाच्या कोणत्याही तक्त्यात मेम्फिसला चांगलेच गुण मिळाले असते. त्या आठवड्यात आपल्याकडच्या अनेक ग्रुपांवर एक मेसेज फिरला: मारणारे काळे, मरणारा काळा, यात वर्णद्वेष कुठून आला?

कुठून आला ते सांगतो. हे पाच जण 'स्कॉर्पियन' नावाच्या खास पथकातले होते. गुन्हेगारी वाढली म्हणून २०२१ मध्ये हे पथक काढलं गेलं आणि काही ठरावीक भागांत त्याला मोकळं सोडण्यात आलं. गाडी अडवायला किरकोळ कारण पुरेसं होतं. कोणती गाडी अडवायची, कोणाला खाली खेचायचं, किती जोर लावायचा, हे जागेवरच ठरत होतं. पथकातल्या माणसांचा रंग बदलला, पण पथक कोणावर सोडलं आहे ते बदललं नाही. आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नव्हती. गाडी पहिल्यांदा अडवली तेव्हा निकोल्सवर टेझर चालवणारा पोलीस गोरा होता. पाच कृष्णवर्णीय पोलीस जानेवारी संपायच्या आत बडतर्फ होऊन आरोपी झाले. गोरा पोलीस फेब्रुवारीत बडतर्फ झाला, पण त्याच्यावर खटला भरायचा नाही असं सरकारी वकिलांनी ठरवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात मायकल लिप्स्कीचं नाव येतं. १९८० च्या आपल्या पुस्तकात त्याने एक सरळ गोष्ट मांडली: सरकारचं धोरण मंत्रालयात लिहिलं जातं खरं, पण प्रत्यक्षात ते घडतं खिडकीवर. शिपाई, शिक्षक, तलाठी, नर्स, समाजसेवक (यात आम्हीही आलो) यांच्यासमोर माणसं जास्त आणि वेळ कमी असतो, आणि नियम असे असतात की प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वाटा निघतात. त्यातली कोणती निवडायची हे त्या कर्मचाऱ्यावर असतं. इंग्रजीत याला जो शब्द आहे त्याचं सरकारी मराठीत 'विवेकाधिकार' असं भाषांतर होतं. शब्द फारच सोज्वळ आहे. विवेक असेल तर विवेकाधिकार. आपल्या लोकांना त्याचं जे रूप भेटतं त्याला साधा शब्द आहे, मर्जी.

मर्जी कशी दिसते? मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन बघा. २०१४ मध्ये मायकल ब्राऊन या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला तिथल्या गोऱ्या पोलिसाने गोळ्या घातल्या. गावात ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय, आणि पन्नासच्या वर असलेल्या पोलिसांत कृष्णवर्णीय मोजून तीन-चार. हा झाला प्रतिनिधित्वाचा हिशेब, तो सगळ्यांना माहीत आहे. पण मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जो चौकशी अहवाल दिला त्यातला एक बारीक तपशील आम्हाला जास्त बोलका वाटतो. वेगमर्यादा मोडल्याबद्दल दिलेले दंड त्यांनी तपासले. काही दंड रडारने किंवा लेझरने वेग मोजून दिलेले होते, काही पोलिसाने नुसता नजरेने अंदाज बांधून. या दुसऱ्या प्रकारात कृष्णवर्णीय आणि इतर यांच्यातली तफावत ४८ टक्क्यांनी जास्त निघाली. रस्ता तोच, पोलीस तेच, चालकही तेच. मोजमाप यंत्राकडून काढून डोळ्याकडे दिलं की रंग दिसायला लागतो. त्याच अहवालात आहे की रस्त्यात 'नीट न चालण्याच्या' गुन्ह्यात पकडलेल्यांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. नीट चालणं म्हणजे काय, हे कोण ठरवणार?

पोलीसच कशाला, साधी सरकारी कचेरी घ्या. अमेरिकेतल्या १९ हजारांहून अधिक स्थानिक कार्यालयांना, म्हणजे शाळा, ग्रंथालयं, शेरीफ कार्यालयं वगैरेंना, संशोधकांनी अगदी साध्या चौकशीचे ईमेल पाठवले. मजकूर एकच, फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव वेगळं. काही नावं गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची वाटणारी. गोऱ्या नावाला ७२ टक्के वेळा उत्तर आलं, कृष्णवर्णीय नावाला सुमारे चार टक्क्यांनी कमी. आणि जी उत्तरं आली त्यांतही कृष्णवर्णीय नावाला सौजन्याचा सूर कमी होता. चार टक्के म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल. पण हा फरक एका चौकशीचा आहे. एका माणसाच्या आयुष्यात अशा किती खिडक्या येतात ते मोजा: शाळेचा प्रवेश, दाखला, रेशन, दवाखाना, घरकुल, ठाणं. आपल्याकडे तर नाव पुरतं कळलं नाही तर पुढचा प्रश्न तयार असतो: "गाव कोणतं? गावात कुठल्या बाजूला राहता?" अमेरिकेत पोलीस कातडी बघतो. इथे आडनाव आणि दिशा विचारली जाते. वंश आणि जात एकच नाहीत, पण खिडकीमागची मर्जी दोघांनाही चांगली ओळखते.

मग खिडकीमागे आपला माणूस बसवला तर फरक पडतो का? पडतो. हे आम्ही ठासून सांगतो, कारण 'आपलेच लोक जास्त वाईट' हे वाक्य आता आपल्याच तोंडी रुळायला लागलं आहे. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शिकागोच्या पोलिसांवरचा अभ्यास आला. एकाच भागात, सारख्याच वेळी ड्युटीवर असलेल्या पोलिसांची तुलना केली होती. कृष्णवर्णीय पोलिसांनी गोऱ्या पोलिसांपेक्षा कमी लोकांना अडवलं, कमी अटका केल्या, बळाचा वापर कमी केला. हा फरक मुख्यतः कृष्णवर्णीय नागरिकांशी वागताना होता, आणि किरकोळ बाबींत, जिथे अडवायचं की जाऊ द्यायचं हे पोलिसाच्या मर्जीवर होतं, तिथे जास्त होता. शाळांचंही तसंच. हुशार मुलांच्या खास वर्गासाठी नावं सुचवताना, कृष्णवर्णीय मुलाचा शिक्षक कृष्णवर्णीय असेल तर त्या मुलाची निवड होण्याची शक्यता बरीच वाढते, असं ग्रिसम आणि रेडिंग यांनी २०१६ मध्ये दाखवलं. मूल तेच असतं, त्याच्याकडे बघणारा डोळा बदलतो. म्हणून प्रतिनिधित्व हा शोभेचा मुद्दा आहे असं म्हणणाऱ्या सवर्ण मित्राला हे आकडे द्या आणि पुढचं बोला.

पण याच्या उलट जाणारा पुरावाही आहे, आणि तो लपवण्यात आपलाच तोटा आहे. विल्किन्स आणि विल्यम्स यांनी २००८ मध्ये सॅन दिएगोच्या वाहतूक-थांब्यांचा अभ्यास केला. ज्या विभागांत कृष्णवर्णीय पोलीस जास्त, तिथे वंश बघून गाड्या अडवण्याचं प्रमाण कमी व्हायला हवं होतं. ते वाढलेलं निघालं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातला प्रश्नच असा आहे की हा माणूस काळा की निळा. (तिथे निळा म्हणजे पोलिसांचा गणवेश. आपल्या निळ्याशी त्याचा संबंध नाही, दुर्दैवाने.) त्यांचं स्पष्टीकरण असं की पोलीस खातं माणसाला आत घेताना घडवून घेतं. नव्याने आलेल्याला, त्यातही वंचित गटातून आलेल्याला, आपण 'त्यांच्यातले' नाही हे रोज सिद्ध करावं लागतं. आपल्या समाजातल्या ज्या पीएसआयला पहिल्याच आठवड्यात "तुमच्या लोकांना जरा समजवा" असं ऐकवलं जातं, त्याला हे इंग्रजी लेख न वाचताही कळतं.

शिकागो आणि सॅन दिएगो या दोन निष्कर्षांत विरोध आहे असं आम्हाला वाटत नाही. फ्रेडरिक मोशरने १९६८ मध्येच भेद केला होता: एक नुसतं हजेरीपुरतं प्रतिनिधित्व, दुसरं कृतीतलं. हजेरीतून कृती आपोआप निघत नाही. ती निघते की नाही हे खातं त्या माणसाकडून काय मागतं, काय मोजतं आणि कशाला शिक्षा करतं यावर ठरतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण याच मुद्द्याचं आहे. २०११ या एका वर्षात तिथल्या पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना रस्त्यात अडवलं, आणि दहातल्या जवळपास नऊ वेळा ना अटक झाली ना समन्स. २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंतच्या ४४ लाख अडवणुकींत ८० टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. अडवण्याचं कारण लिहायला छापील फॉर्म होता. त्यात एक चौकोन होता 'चोरट्या हालचाली'. बरोबरची खूण केली की काम झालं. या पद्धतीविरुद्ध जो खटला चालला त्यात लॅटिनो पोलिसांनी स्वतः साक्ष दिली, वरिष्ठांशी झालेल्या बोलण्याची गुपचूप केलेली रेकॉर्डिंग सादर केली. इतके लोक अडवलेच पाहिजेत, असा दबाव वरून येत होता. म्हणजे तिथे 'आपला माणूस' होता, त्याला कळतही होतं, पण त्याच्या बढतीचा हिशेब अडवलेल्या माणसांच्या संख्येवर होता. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २०१४ मध्ये अडवणुकींची संख्या ४६ हजारांच्या आसपास आली. शहर गुन्हेगारांच्या हाती जाईल असं भाकीत करणारे बरेच होते. खून २०११ मध्ये ५१५ होते, २०१४ मध्ये ३३३. पोलिसांचा रंग तीन वर्षांत बदलला नव्हता. मर्जीला वेसण बसली होती.

ब्रिटनमध्ये या मर्जीची मुळं आणखी खोल आहेत आणि ती थेट आपल्या भटक्या बांधवांच्या पालांपर्यंत येतात. १८२४ च्या तिथल्या भटकेगिरीविरोधी कायद्यात नुसत्या संशयावरून माणूस पकडायची सोय होती. ती १९८१ पर्यंत कृष्णवर्णीय तरुणांवर वापरली जात होती. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला, आणि तो १९५२ मध्ये गेल्यावर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पारधी समाजाच्या तरुणाला आजही चोरी कुठे झाली यापेक्षा चोरीच्या रात्री तो कुठे होता हे आधी विचारलं जातं. तिकडे लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा बसथांब्यावर खून झाला. मॅकफर्सन चौकशीने १९९९ मध्ये लंडन पोलिसांना 'संस्थात्मक वर्णद्वेषी' म्हटलं. चोवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, लुईस केसी यांच्या अहवालाने त्याच दलाबद्दल तेच म्हटलं. मधल्या काळात भरती मोहिमा झाल्याच होत्या.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या राजकीय संरक्षणाची एक योजना मांडली. त्यात आठ अटी होत्या. पाचवी अट सरकारी नोकऱ्यांतल्या पुरेशा प्रतिनिधित्वाची. ती आपल्याला पाठ आहे. पण ती मागताना बाबासाहेबांनी कारण काय दिलं ते पुन्हा वाचा. उच्च जातीचे अधिकारी कायद्याचा गैरवापर करतात, एवढं म्हणून ते थांबत नाहीत. कायदा राबवताना हाती असलेल्या विवेकाधिकाराचा ते आमच्याविरुद्ध आणि सवर्णांच्या फायद्यासाठी दुरुपयोग करतात, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. लिप्स्कीच्या आधी पन्नास वर्षं. प्रतिनिधित्व मागितलं ते पगारासाठी किंवा सन्मानासाठी नाही, मर्जीवरची मक्तेदारी मोडण्यासाठी.

आणि लगेच पुढची, सहावी अट: अहिताची कृती झाली किंवा हिताकडे दुर्लक्ष झालं तर दाद मागण्याची सोय. म्हणजे नोकरीत आपली माणसं गेली की प्रश्न सुटला, असं बाबासाहेबांनी कधीच गृहीत धरलं नव्हतं. खुर्ची आणि खुर्चीविरुद्धची दाद, दोन्ही त्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या. त्याच योजनेतल्या दुसऱ्या अटीत, समान हक्क नाकारणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यांनी सुचवलं, आणि त्याला आधार म्हणून अमेरिकेचे १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्क कायदे दाखवले. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी झालेले कायदे. त्यातला १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच मोडीत काढला होता. बाबासाहेबांनी तो तरीही उचलला. १८६६ च्या कायद्यातून मात्र पुढे असं कलम वाढलं की सरकारी अधिकाराच्या आडून नागरिकाचा हक्क हिरावणारा कोणीही गुन्हेगार ठरतो. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्याने २०२१ मध्ये याच कलमाखाली गुन्हा कबूल केला. मेम्फिसच्या पाच जणांवर फेडरल खटलाही याच कलमाखाली भरला गेला. हे कलम अधिकाऱ्याचा वंश विचारत नाही.

आपण पाचव्या अटीसाठी मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, ती मिळवली आणि ती टिकवायची लढाई अजून चालूच आहे. सहाव्या अटीचं काय केलं?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा गावाने मिळून खून केला. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या पुस्तकात एक बोचणारी गोष्ट नोंदवली आहे: पोलिसांपासून डॉक्टरपर्यंत, या प्रकरणाच्या साखळीतल्या अनेक पायऱ्यांवर दलित अधिकारीच होते. आणि २००८ च्या निकालात सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असंही म्हटलं. इतक्या पायऱ्यांवर आपली माणसं असून जात कागदावर आली नाही. त्या माणसांना शिव्या घालून आपलं समाधान होत असेल तर घाला. आम्हाला विचारायचं आहे ते वेगळं: त्या प्रत्येक पायरीवर काय लिहायचं आणि काय सोडायचं याची मोकळीक कोणी दिली होती, आणि सोडल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागला?

आम्ही काम करतो त्या तालुक्यातलं उदाहरण सांगतो. एका बाईला पाण्यावरून जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण झाली. ठाणे अंमलदार आपल्याच समाजाचा. बोलला प्रेमाने. "ताई, अर्ज द्या, चौकशी करू. गुन्हा दाखल केला तर उद्या गावात राहायचंय तुम्हाला." मग एनसी झाली. पुढे काही झालं नाही. त्या माणसाचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणणार नाही. गावात राहायचंय, हे त्यालाही आपल्या आईबापामुळे माहीत होतं. पण कायद्याने त्याला हा सल्ला द्यायची मोकळीक दिलेलीच नव्हती. अॅट्रॉसिटी कायद्याची खरी ताकद शिक्षेत नाही, ती मर्जी कापण्यात आहे. कलम ४ मध्ये अधिकाऱ्याने काय-काय करायचं याची यादीच आहे: तोंडी माहिती लिहून घेणं, वाचून दाखवणं, गुन्हा नोंदवणं, प्रत देणं. नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे जात नाही.

म्हणूनच २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर देश पेटला. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं, एका सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यापासून सुरू झालेलं. (गोपनीय अहवाल म्हणजे सरकारी मर्जीचा सगळ्यात जुना कागद.) निकालाने गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी, अशा दोन जागी मर्जी परत आणली. "अर्ज द्या, चौकशी करू" हे ठाण्यातलं वाक्य जणू कायदा झालं. २ एप्रिलचा भारत बंद त्याविरुद्ध होता. तो कोणत्या खुर्चीसाठी नव्हता, तो सहाव्या अटीसाठीचा बंद होता, आणि त्यात अनेकांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणलं, प्राथमिक चौकशीची गरज नाही असं स्पष्ट केलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. आजही ठाण्यात अर्जच पुढे केला जातो, कारण १८-अ वाचलेला कार्यकर्ता सोबत नसतो.

आता एक अडचणीची गोष्ट. कलम ४ मधली शिक्षा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला लागू नाही. कलमाची सुरुवातच तशी आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातला आपला अंमलदार कलम ४ च्या बाहेर. हा कायदा आपल्यावर बाहेरून होणाऱ्या अत्याचारासाठी आहे, म्हणून हे तर्काला धरून आहे. पण परिणाम असा की अडचणीच्या प्रकरणात खुर्चीवर आपला माणूस आणून ठेवणं वरिष्ठांना सोयीचं पडतं. मग ही सूट काढून टाका म्हणावं का? काही मित्र तसं म्हणतात. आम्ही म्हणत नाही, आणि त्याचं कारण मेम्फिसमध्ये आहे. पाच कृष्णवर्णीय तीन आठवड्यांत आरोपी, गोरा सुटलेला. उद्या इथे सूट गेली तर कलम ४ चा पहिला बळी दलित हवालदार असेल, आणि त्याला एनसी करायला फोनवरून सांगणारा साहेब साक्षीदार. आधी जे कलमात बसतात त्यांच्यावर ते लावून दाखवा. आपल्या अधिकाऱ्यासाठी खात्याची चौकशी आहे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, ते वापरायला कोणी अडवलेलं नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना आमचं सांगणं आहे की जा. जरूर जा. पण तुमच्याकडून समाजाने उपकाराची अपेक्षा करू नये आणि तुम्हीही ती देऊ नये. आपल्या माणसासाठी नियम वाकवू नका, नियम आहे तसा लिहा. 'अर्ज द्या' म्हणू नका. वरून फोन आला तर स्टेशन डायरीत नोंद करा. ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावून चित्रण अठरा महिने ठेवावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तो जितका पीडिताच्या कामाचा तितकाच तुमच्या. दबावाला तोंड देणारा एकटा अधिकारी कागदाशिवाय फार दिवस टिकत नाही.

आणि कार्यकर्त्यांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं. आपण त्यांच्या मुठी आणि जॅकेट लक्षात ठेवले. १९६६ मध्ये ओकलंडला त्यांनी काम सुरू केलं ते पोलिसांच्या गाडीमागे गाडी लावून फिरण्याचं. पोलिसांनी एखाद्याला अडवलं की कायद्याने सांगितलेल्या अंतरावर उभं राहायचं आणि त्याला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. हातात बंदूकही होती, आणि त्यामुळे कॅलिफोर्नियाने पुढच्याच वर्षी कायदा बदलला. बंदूक बाजूला ठेवा. कायद्याचं पुस्तक घेऊन ठाण्याच्या बाकावर बसायला आपल्याला कोण अडवतं?

अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती आहे आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी आणि जुलैत. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी चारही बैठका झाल्या का, किती तक्रारींचा अर्ज झाला आणि किती गुन्हे नोंदले गेले, किती प्रकरणांत बी समरी गेली, कलम ४ खाली किती जणांची चौकशी झाली, हे माहिती अधिकारात मागा. ठाण्यानिहाय मागा. फर्ग्युसनमध्ये रडार आणि नजरेतला फरक बाहेर आला तो कोणीतरी दोन रकाने शेजारी ठेवले म्हणून. आम्ही आमच्या तालुक्यापासून सुरुवात करतो आहोत. ज्यांना अर्जाचा नमुना हवा त्यांनी कळवा, पाठवू.